न्यायला कोणी येऊ नये

शिवाजी पेठ, कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

ती. गं. भा. लीलाआत्यास,
ऋतुराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दादांच्या साठीला तू बेंगळूरहून स्वतः गाडी चालवत, एकटी, एका दिवसात येणार हे वाचलं आणि पत्र घडी करून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. त्याच दिवशी एका पावण्याच्या नंबरप्लेटसाठी रेडियममधून तिनाच्या जागी आठ कापला. मालक काय बोलले ते तुला लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी दादांना सांगितलं. आधी त्यांना तू थट्टा करतेस असं वाटलं. मग म्हणाले, न्हाय म्हंजे न्हाय. माहेरवाशिणीला आणायला मुराळी जातो, माणूस दारात आल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही, आपल्यात हेच चालत आलंय. साठीला सगळी भावकी जमणार आणि बहीण एकटी गाडी हाणत आली, हे काय बरं दिसतंय व्हय? मुराळी म्हणून त्यांनी मला, स्वतःच्या पोरालाच, नेमलंय. मी बसने बेंगळूरला यायचं आणि तुझ्या शेजारी बसून परत यायचं.

खरं सांगू का, मला दोन्ही झेपत नाही. तू एकटी येणं नाही, आणि शेजारी बसून मी काय करणार तेही कळत नाही. पण तू ठरवलंच असशील तर निदान नीट ठरव. सोबत एक कागद जोडलाय. सहाशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे. पहाटे चारला निघायचं, म्हणजे शहरातली गर्दी लागत नाही. पहिला चहा तुमकूरच्या पुढे, शिरा गावात. जेवण हावेरीच्या पुढे, आणि तिखट खायचं नाही, झोप येते. फोन बंद करून बॅगेत ठेवायचा.

फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही, कानाचं मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजते, म्हणून पत्रच बरं. फॅमिली ग्रुपवर मी यातलं अक्षर टाकणार नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
ऋतुराज

*

बेंगळूर
१३ जानेवारी २०२५

चि. ऋतुराज यास,
लीलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, गं. भा. ही अक्षरं पुढच्या वेळी गाळ. तुझे आतोबा गेले हे मला पाकिटावरून कळायला नको, आणि पोस्टमनला तर नकोच नको.

कागद वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही, बाकी सगळा चुकला आहे. पहाटे चारला मी निघणार नाही. अंधारात समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांत जातात. उजाडल्यावर निघेन आणि उजेड आहे तोवर पोचेन. शिऱ्याला चहा घेणार नाही, कारण मग हिरियूर सोडल्यापासून मला बाथरूमच शोधावं लागेल. तिखट खाणार, मी कोल्हापूरची आहे. फोन बॅगेत, हे मात्र पटलं. आणि हे सगळं मला शिकवणाऱ्या गुरुजींनी स्वतः गाडी घेऊन वीस किलोमीटरवरचं कागल कितीदा ओलांडलंय, तेही कळव.

आता मुराळ्याचं. लग्न झाल्यापासून मी एकटी माहेरी आले नाही. आईचं दुखणं वाढलं तेव्हा दादाचा निरोप आला, थांब, न्यायला येतो. फौंड्रीत कामाची घाई होती, त्याला निघता येईना. मी बॅग भरून दारात ठेवली होती. तुझे आतोबा म्हणाले, बसमध्ये बसवून देतो. मी म्हटलं, नको, दादा येतो म्हणालाय, आपली आपण गेले तर त्याला वाईट वाटेल. शेवटी तो आला. पण न्यायला नाही, सांगायला आला होता.

हे मी त्याला कधी बोलले नाही. तूही बोलू नकोस. गाडी शिकायला मला पन्नाशी उलटून जावी लागली, पण शिकले. आता मी माझी येणार आणि माझी जाणार. न्यायला कोणी येऊ नये. हे त्याला मान्य असेल तर साठीला येते, नसेल तर तिथल्या तिथे त्याला ओवाळून घ्या.

तुझी काळजी कळते, म्हणून तर तुलाच लिहिते.

तुझी,
लीलाआत्या

*

कोल्हापूर
२४ जानेवारी २०२५

ती. लीलाआत्यास,
ऋतुराजचा सा. न. वि. वि.

ती अक्षरं आतून आणि पाकिटावरून, दोन्हीकडून गाळली आहेत.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस मला दादांकडे नीट बघता आलं नाही. बोललो काही नाही. तुझं म्हणणं तेवढं सांगितलं, की ती एकटी येईल नाहीतर येणार नाही. ते ताटावरून उठले आणि बाहेर जाऊन पारावर बसले.

कागद नव्याने केला, पण आत्या, उजेडाचं गणित बसत नाही. तिकडे उजाडायला पावणेसात होतात, इकडे साडेसहाला दिवस मावळतो. बेळगावपासून कागलपर्यंत रस्ता रुंद करायचं काम चाललंय, कुठे एका बाजूने गाड्या सोडतात, कुठे कुठल्याच बाजूने नाही. तेव्हा एकतर तू जेवू नकोस, नाहीतर कुठे थांबू नकोस, नाहीतर जोरात चालव. यातलं एकही मला चालणार नाही. हुबळीला मुक्काम कर म्हटलं तर तू नाही म्हणणार. मग मी करू तरी काय? रोज अंथरुणावर पडलो की मी हिरियूरहून निघतो आणि दावणगेऱ्याला माझा टायर फुटतो.

त्यात माझ्याच हाताने घोळ झालाय. रस्ता कसा आहे हे विचारायला मी कृष्णातला फोन केला. माझा चुलतभाऊ, हुबळीत टायरच्या गोदामात असतो, त्याला माहीत असणार. कुणाला सांगू नको म्हटलं होतं. त्याने कुणालाच सांगितलं नाही, सरळ ग्रुपवर टाकलं. आता विठाबाई काकूंना बेळगावातून उचलायचंय, त्यांना बसचा वास सोसत नाही. सम्राटला तिकडचा मिक्सर हवाय. आक्का विचारते, गाडी येतीच हाय तर मागची सीट रिकामी कशाला आणायची? मी एकेकाला लिहितो की आत्या एकटी येणार आहे. तर म्हणतात, व्हय की, एकटी हाय म्हणूनच तर जागा हाय.

दादा मात्र ग्रुपवर एक शब्द लिहीत नाहीत. हे मला बरं लक्षण वाटत नाही.

आणि हो, कागल मी एकदाही ओलांडलेलं नाही. मुद्दाम विचारलंस म्हणून लिहिलं.

मी वैतागलोय ते तुझ्यावर नाही, असं समज आणि सांभाळून घे.

तुझा,
ऋतुराज

*

बेंगळूर
३१ जानेवारी २०२५

चि. ऋतुराज,
आशीर्वाद.

शनिवारी, आठ तारखेला येते. टायर चारी बदलले, तेव्हा तू आता दावणगेऱ्याला निवांत झोप. काकूंना कळव की माझ्या गाडीला बसपेक्षा जास्त वास येतो. सम्राटला कळव की मिक्सर कोल्हापुरात मिळतात.

शेजारची भैरवी मला सकाळी फाटकातून गाडी काढून देणार होती, तिलाही नको म्हटलं. काढता आली पाहिजे ना आपली आपल्याला.

उजेडाचं माझ्यावर सोड. दादाच्या गप्प बसण्याकडे लक्ष देऊ नको, तो लहानपणापासून रागापेक्षा भुकेने जास्त गप्प असतो.

माझी वाट बघ, पण रस्त्यावर उभा राहून नको.

तुझी,
लीलाआत्या

*

कोल्हापूर
८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

ती. लीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही, कारण ते निघायच्या आत तू इथे असशील. असावीस. दुकानात बसलोय, आज पुन्हा कुणाचा आकडा चुकू नये म्हणून कटर बंद ठेवलाय आणि लिहितोय.

आज सकाळी दादा चहा पिताना एकदम खुशीत होते. विचारलं तर म्हणाले, मुराळी ठरवलाय. कृष्णातला सांगितलंय, हुबळीच्या बायपासला थांब, गाडी दिसली की हात कर आणि पुढच्या सीटवर बस. कोल्हापुरात शिरताना गाडीत माहेरचा माणूस दिसला म्हणजे झालं. एकटी येणार म्हणाली की, मग हुबळीपर्यंत एकटी आली की! त्यांच्या हिशेबात दोघांचाही शब्द राहिला.

मी तुला फोन लावला. बंद. बंद असणारच, तो बंद करून बॅगेत ठेवायचा हे मीच शिकवलं. कृष्णातला फोन करून जाऊ नको म्हटलं, तर तो म्हणाला, काकांना न्हाय म्हणायची माझी टाप हाय व्हय? तू गाडी वळवून परत जाशील अशी मला भीती वाटते. आणि परत गेलीस तर त्यात तुझं काही चुकणार नाही. दादांना हे सांगायचा मला धीर झाला नाही, याचाच जास्त राग येतोय.

दुपार. कृष्णातचा फोन आला. तू थांबलीस. त्याच्याबरोबर उभ्याने चहा घेतलास, त्याने दादांसाठी आणलेले पेढे ठेवून घेतलेस. मग त्याने पुढचं दार उघडलं तर सीटवर कढीपत्त्याचं रोप, त्याला बेल्ट लावलेला. मागे बसतो म्हणाला, तर तू म्हणालीस की मागे बॅग आहे, आणि गेलीस. बॅग केवढी होती विचारलं तर म्हणाला, हातात मावेल एवढी.

दादांना सांगितलं. ते एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या तालमीतली पोरं बाहेर आली. झाडाला जागा हाय आणि माणसाला न्हाय व्हय! मग एकटेच गल्लीत गेले आणि कुणाकुणाच्या मोटारसायकली उचलून बाजूला लावायला लागले. मी मदतीला गेलो तर मला हाकललं. आपल्या दारात एका गाडीपुरती जागा झाली तेव्हा थांबले.

संध्याकाळ. तू आलीस. आत चहा चाललाय, तुझा आवाज इथे माडीवर ऐकू येतोय. दिवे लागले नव्हते अजून. दादा तुला गाडी वाकडी लागली एवढंच म्हणाले. हे पत्र तुझ्या बॅगेत घालून ठेवतो. बॅग खरंच हातात मावते.

आलीस, एवढंच पुरे.

तुझा,
ऋतुराज

*

कोल्हापूर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. लीलाआत्यास,
ऋतुराजचा सा. न. वि. वि.

तू गुरुवारी सुखरूप पोचलीस असं भैरवीच्या मेसेजवरून कळलं. मेसेजमध्ये शब्द एकच, पोचल्या. किती वाजता, कशा, रस्त्यात काय, काही नाही. यावर माणसाने समाधान कसं मानायचं?

तू गेल्यापासून इथे मला कुणी काही सांगत नाही. निघताना काय ठरलं होतं? बहिणीला सोडायला मी जाणारच, त्याशिवाय गाडी हलणार नाही, असं दादा धरून बसले, तेव्हा शेवटी ठरलं की त्यांनी कागलपर्यंत बसून तिथे उतरायचं. साडीचोळीची पिशवी मांडीवर घेऊन ते रोपाच्या जागी बसले, तेव्हाच मला घोळ दिसत होता. कागलहून परत यायला कितीसा वेळ लागतो? न्याहारीला येतो म्हणाले होते. सकाळचे नऊ वाजले तरी पत्ता नाही. फोन घरीच. मी मोटारसायकलवर कागलला गेलो, स्टँडवर सगळीकडे बघितलं. तिथे कुणी त्यांना उतरताना पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते लिहीत नाही. पुढे जावं का मागे जावं, काही सुचेना. शेवटी मागे आलो, तर हे घरी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसलेले.

घसा पार बसला होता. दोन दिवस आवाज फुटत नव्हता. कशाने विचारलं तर म्हणे धुळीने. कुठे होता विचारलं तर म्हणे गाडीत. ग्रुपवर मात्र त्यांनी पहिल्यांदा काहीतरी लिहिलंय. लिहिलंय की बहिणीनं मला फिरवून आणलं. त्याच्या पुढे काही नाही. आक्का, काकू सगळ्या मला विचारतात, कुठं फिरवलं? मला काय माहीत!

आत्या, मी तुझा एक दिवसाचा प्रवास दोनदा कागदावर मांडला. त्यातलं काही झालं नाही, तरी मी काही म्हटलं नाही. निदान एवढं तरी सविस्तर कळव. दादांचा घसा कशाने बसला?

उत्तराची वाट बघतोय, आणि तुझ्या मायेची तर नेहमीच.

तुझा,
ऋतुराज

*

बेंगळूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुराज यास,
अनेक आशीर्वाद.

दुकानातलं तुझं पत्र बॅगेत सापडलं. घरी आल्यावर दोनदा वाचलं. मोटारसायकलींचं मला माहीत नव्हतं.

आता त्या दिवशीचं. कागलपर्यंत तुझे वडील मला गाडी शिकवत होते. हळू घे, ट्रक हाय, गिअर बदल, त्याला आधी जाऊ दे. कागल आलं, मी गाडी बाजूला घेतली. तो उतरेना. म्हणाला, जरा पुढं घे, टोल मी भरतो. टोल झाला. तरी उतरेना. पिशवी घट्ट धरून समोर बघत बसला होता. मग मी त्याला निपाणीपर्यंत नेलं. तिथे स्टँडवर कोल्हापूरची बस लागलेली होती. मी त्याला आत नेऊन खिडकीजवळ बसवलं, पिशवी त्याच्या मांडीवरून घेतली आणि खाली येऊन उभी राहिले. आपल्या घरात पहिल्यांदाच असं झालं असेल, बहीण भावाला सोडायला आली.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. तेव्हा दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला कमी ऐकू येतं आणि इंजिनाचा आवाज, म्हणून तो फौंड्रीत ओरडायचा तसा जीव खाऊन ओरडला, की आईच्या वेळी मी तुला थांब म्हणायला नको होतं. सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. एका बाईने पेपर खाली ठेवला. कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला.

मी कानामागे हात धरून उभी राहिले. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तो पुन्हा ओरडला, तेच, आधीपेक्षा मोठ्याने. आणि मग बस वळेपर्यंत आणखी एकदा.

ऋतुराज, मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

या सगळ्यात उशीर झाला म्हणून घरी पोचायला अंधार पडला. तुमकूरपासून ट्रकचे दिवे डोळ्यांत येत होते. आले तर आले. हे दादाला सांगू नको, घशाचं विचारू नको. त्याला मध घालून गरम पाणी दे.

दोघांवरही माझा लोभ, त्याच्यावर थोडा जास्त.

तुझी,
लीलाआत्या