मागं आपलंच माणूस

रेवदंडा

विनेश,

काल बोटीच्या इंजिनाचा पार्ट आणायला अलिबागला गेलो आणि तुझ्या फुटबॉलच्या मैदानाच्या कुंपणाशी तासभर उभा राहिलो. तुला हे कळवणार नाही. हे पत्रही टाकणार नाही.

तू पोरींना उलटं पळवत होतास, नजर चेंडूवर आणि पाय मागे. एकीने वळून पाहिलं, तसा ओरडलास, "मागं बघू नको, मागं आपलंच माणूस हाय!"

बाबांचे शब्द! किनाऱ्यावर जाळं ओढताना आपण असेच दर्याकडे तोंड करून मागे मागे जायचो. मी त्यातून मासळीच काढली, तू अख्खा खेळ काढलास. बारा वर्षं मोठमोठ्या क्लबांचा बचाव सांभाळलास, आणि मी बंदरावर म्हणायचो, "गोल मारत न्हाय तो कसला खेळाडू?"

तू बोट सोडून निघालास तेव्हा मी तुला पळपुटा म्हणालो. तू आमच्याकडे तोंड करून, अंगणातून मागे मागे चालत गेलास. मला वाटलं, चिडवतोयस. तू फाटकाशी पोचेपर्यंतही न थांबता मी पाठ फिरवून घरात गेलो.

तुझ्या मागे असायला हवा होता तो,
सदादादा