दोन वाट्या रस्सा

बेसा, नागपूर
६ जुलै २०२५

ती. कुसुमआत्यास,
सोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

बारावी म्हणून आईनं माझा मोबाइल कपाटात कुलूप लावून ठेवलाय, म्हणून हे पत्र. तुमच्या काटोलच्या पोस्टमनलाही जरा काम मिळेल.

यंदा शाळेनं आम्हाला कॅपस्टोन प्रोजेक्ट दिलंय. शाळा सुटल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून प्रत्येकानं दिवाळीपर्यंत कुणा काम करणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिकायचं आणि मग परीक्षकांपुढे ते करून दाखवायचं. मला पुढे स्वतःचं भोजनालय काढायचंय हे तुला माहीतच आहे. म्हणून मी हुडकेश्वरला जितेंद्रकाकांच्या सावजी भोजनालयात जाते. मार्गदर्शकांचा फोटो शाळेत लागणार म्हटल्यावर काका लगेच तयार झाले.

पण मसाला भाजायची वेळ झाली की ते मला बाहेर काढतात आणि दार लावून घेतात. आत ते आणि त्यांचा मुलगा उन्मेषदादा. दादाचं सगळं लक्ष क्रिकेटच्या स्कोअरमध्ये, तरी तो आत. मी विचारलं तर म्हणाले, की पोरीले शिकवलं का मसाला सासरी जाते, आपल्या घरात तो गादीवर बसणाऱ्या लेकालेच दाखवतात. मला काम एकच. रस्सा झाला की चाखायचा आणि मीठ-तिखट कसं आहे ते काकांच्या कानात सांगायचं. आधी जीभ तयार कर, म्हणे. आमच्या मेघा मॅडमना मी काय करून दाखवू, चमचा?

बाबा म्हणतात, मोठ्या भावाशी वाद नको. तू काय म्हणतेस ते लिही. तुझा लोभ आहेच, सध्या तो माझ्याच बाजूनं असू दे.

तुझी सोनिका


काटोल
१६ जुलै २०२५

चि. सोनिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. त्या दाराबाहेर मीही लसूण सोलत बसले आहे, आणि माझ्याहून धाकटा जित्या आत. आमचे बाबा गेले तेव्हा मी म्हटलं की दुकान मी सांभाळते. तर हाच मला म्हणाला, की बाईच्या हातचं सावजी कोण खाईन वं. तेव्हापासून दर राखीला मी त्याच्या हातावरची गाठ जरा जास्तच घट्ट मारते. त्याला वाटतं बहिणीची माया आहे.

तू आत्ता भांडू नकोस. चाखायला सांगतो तर चाख, आणि डोळे उघडे ठेव. संत्र्याला यंदा बहार बरा आहे, पेटी पाठवीन. त्यातलं एकही जित्याला देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, त्यात थोडं तिखटही घातलंय.

तुझी आत्या


बेसा, नागपूर
२१ सप्टेंबर २०२५

ती. कुसुमआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी मसाला करपला. रस्सा कडूजार झालाय हे मी सांगायच्या आतच काकांनी चमचाभर तोंडात टाकला आणि फक्कड म्हणून वाढायला सांगितला. गिऱ्हाइकं अर्ध्या ताटावरून उठली. तेव्हा भर दुकानात काकांनी माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना सांगितलं, की चव पाहाले हिले ठेवलं होतं, पण पोरीच्या तोंडाले चवच नाही. मी तिथे रडले नाही. घरी येऊन रडले.

मग आईकडून कळलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन काकांच्या तोंडाची पार वाट लागली आहे. दोन बोटंही आत जात नाहीत, चव तर कसलीच कळत नाही. घरी ते दहीभातच खातात. काकूनं कुणाला सांगू नको म्हणून आईला बजावलंय. म्हणजे आत्या, ते मला शिकवत नव्हतेच. स्वतःचं झाकण्यासाठी माझी जीभ वापरत होते, आणि वर मलाच चव नाही म्हणाले.

मला याचा सूड घ्यायचाय. हे असं लिहू नये, पण तुला नाही तर कुणाला लिहू? उत्तर लवकर पाठव, अभ्यासात लक्ष लागत नाही.

तुझी रागावलेली सोनिका


काटोल
३० सप्टेंबर २०२५

चि. सोनिकास,
अ. उ. आशीर्वाद.

रागावलीस ते बरंच झालं. आता नीट वाच. परीक्षेच्या दिवशी जित्याला मोठ्या मानानं शाळेत बोलाव, गळ्यात हार घाल. दोन वाट्या ठेव. एकीत त्याच्या मसाल्याचा रस्सा, दुसरीत किराणा दुकानातल्या पुडीचा. मग सगळ्यांदेखत त्याला स्वतःचा ओळखायला सांग.

मात्र आदल्या दिवशी मसाला शिकवता का, असं एकदा विचार. हो म्हणाला तर सोडून दे, आपण काही कसाई नाही. नाही म्हणाला तर मग मागे बघू नकोस. काकाचा अपमान केलास म्हणून कुणी उपदेश करायला आलंच, तर त्याला काटोलची बस दाखव.

तुझ्या आईला, वंदनाला, यातलं काही सांगू नकोस, तिचा जीव लहान आहे. माझी माया तुझ्या पाठीशी आहे.

आत्या


बेसा, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२५

ती. कुसुमआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारलं. काकांनी तयार मसाल्याचा डबा पुढे सरकवला आणि एवढ्यात भागव म्हणाले.

मग मी मागे पाहिलं नाही. ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. मी हार घातला, मॅडमनी कौतुक केलं. काकांनी दोन्ही वाट्या चाखल्या, मिटक्या मारल्या आणि डावीकडची आपली म्हणून उचलली. नक्की ना, असं मी फार अदबीनं विचारलं. त्यावर ते परीक्षकांकडे बघून हसले, की ज्याच्या हातचं हाय त्याले नाही समजणार तं कोणाले समजन. डावीकडची पुडीची होती. मी तसं सांगितलं. वर्ग हसला. मी डोळे बांधून, वाट्यांची जागा बदलायला लावून दोन्ही ओळखल्या, आणि पुडीत काय कमी आहे तेही सांगितलं. परीक्षकांनी मला सगळ्यांत वरची श्रेणी दिली. काकांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला लिहू, वाटलं नाही.

काल ते घरी आले. खाली मान घालून म्हणाले, की उद्यापासून आत ये, सारा मसाला दाखवतो, तुझ्याबिगर दुकान चालत नाही. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की काका, माझं प्रोजेक्ट संपलं.

आई माझ्याशी बोलत नाही. तू तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी सोनिका


काटोल
१ डिसेंबर २०२५

चि. सोनिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं आणि एकटीच हसत बसले. पण शेवटी माती खाल्लीस. सूड जित्यावर घ्यायचा होता, तू तो स्वतःच्या भोजनालयावर घेतलास. मसाला हातचा घालवून काय मिळवलंस?

असू दे. येत्या सोमवारी मी नागपूरला येते आहे. त्याला चाखायला कुणीतरी लागणारच, आणि आता मला तो कोणत्या तोंडानं नाही म्हणेल? आधी त्याला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. मला त्याची काळजी वाटते असं समजू नकोस, पण मसाला पुरता शिकवल्याशिवाय त्याला काही होता कामा नये. खर्रा त्याच्या खिशातून मीच काढून घेईन, लहानपणी गोट्या काढून घ्यायचे तसा.

तू बारावीचा अभ्यास कर आणि आईची समजूत काढ. परीक्षा झाली की सगळा मसाला मी तुला शिकवते. आणि हुडकेश्वरला फिरकलीस तर जित्याच्या दुकानासमोरचा गाळा रिकामा आहे का, तेवढं बघून ठेव.

भेटीअंती बाकीचं. माया आहे तशीच आहे.

तुझी कुसुमआत्या