हुदहुदचं पान

रविवार, ४ ऑक्टोबर
आले एकदाची इर्बिदला! कराकहून पहाटेची बस, अम्मानला दुसरी, आणि मांडीवर आईने दिलेल्या जमीदच्या गोळ्यांची पिशवी. शेजारची बाई सगळा रस्ता नाकाला रुमाल लावून बसली होती. बसू दे. त्या वाळवलेल्या दह्यात शिजवलेला मटणाचा मन्सफ तिला थोडाच मिळणार आहे!

लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान विद्यापीठासमोर आहे. पुढे पुरुषांचं, मागे पडद्याआड बायकांचं, आणि त्याला गल्लीतून वेगळं दार. मालक अबू वदीअ पन्नाशीचे, इतके सभ्य की पडद्याबाहेरूनच बोलतात आणि बोलायच्या आधीही खाकरतात. म्हणाले, मैसून बाळा, इथल्या बाया लॅपटॉप पुरुषाच्या हाती देत नाहीत, आत घरचे फोटो असतात, म्हणून तर तुला बोलावलं.

इथे एक वही असते. प्रत्येक दुरुस्तीनंतर लिहायचं, हे मशीन फक्त मैसूनने उघडलं, पुरुषाचा हात लागला नाही. खाली माझी सही, मग गिऱ्हाइकाची. शाळेत कधी फळ्यावर नाव लागलं नाही माझं, इथे अख्खी वही माझ्या नावाची!

मंगळवार, ६ ऑक्टोबर
सगळ्या मशीनांना एकच दुखणं. नेट उघडायला जावं तर भलतंच पान उघडतं, जाहिरातींचा नुसता उच्छाद. त्यावर औषध म्हणजे अबू वदीअ यांनी दिलेला पांढरा पेनड्राइव्ह. ते त्याला साबण म्हणतात. लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, मशीनची आंघोळ झाली. माझ्या लॅपटॉपलाही घातली.

आज नजाह नावाची टायपिस्ट आली होती, कुठल्याशा सरकारी कचेरीतली. लॅपटॉप कचेरीचाच, पिशवीत कोथिंबिरीखाली लपवून आणलेला. म्हणे आमचा दुरुस्तीवाला पुरुष आहे गं, आणि मी मेलीने त्यात लेकीच्या साखरपुड्याचे फोटो ठेवलेत, कुणाला सांगशील तर बघ. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

गुरुवार, ८ ऑक्टोबर
उम्म शाकिर आल्या, लेक रुलाचा लॅपटॉप घेऊन. रुलाचं लग्न तीस तारखेला. लॅपटॉपवर साखरपुड्याच्या मेंदीच्या रात्रीचे फोटो आहेत. सगळ्या बायकाच, त्यामुळे डोकी उघडी, नाच, हसणं. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि दहा मिनिटं डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. जाताना खजूर भरलेली मअमूल बिस्किटं देऊन गेल्या आणि म्हणाल्या, तू आहेस म्हणून जीव भांड्यात पडला बघ.

सोमवार, १२ ऑक्टोबर
धुतलेली मशीनं परत येताहेत. जाहिराती गेल्या, पण आता सगळ्यांवर एकच पान उघडतं. पांढरं, मधे शोधाची चौकट, वर हिरवा हुदहुद. सुलेमान पैगंबरांना बातम्या आणून देणारा पक्षी, म्हणून बायका खूश आहेत. मी पान बदललं, मशीन बंद करून चालू केलं, हुदहुद पुन्हा हजर. सहा वेळा केलं. नेटचा प्रोग्रामच काढून टाकला, नवा घातला. त्यातही हुदहुद.

माझ्या लॅपटॉपवरही तोच आहे.

बुधवार, १४ ऑक्टोबर
आजपासून ही रोजनिशी कागदावर. आतापर्यंतची पानं लॅपटॉपवर होती, ती बसून उतरवून काढली.

कारण असं झालं. बसची वेळ बघायला चौकटीत एकच अक्षर टाइप केलं. खाली पर्याय सुचले. पहिला, मैसून. दुसरा, मैसून एकटी राहते. तिसरा, शाळेत कधी फळ्यावर नाव लागलं नाही माझं.

ते वाक्य मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. फक्त लिहिलं होतं. कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली, तरी खोलीत पाठ भिंतीला लावूनच बसतेय.

रविवार, १८ ऑक्टोबर
उम्म शाकिर आल्या. दारातच बसल्या.

रुलाने चौकटीत काहीतरी शोधलं, तर खाली तिचाच फोटो आला. मेंदीच्या रात्रीचा, केस मोकळे. त्याखाली लिहिलं होतं की सांगू तसं वागायचं, नाहीतर हा गुरुवारी सासरी जाईल. पोरीने तीन दिवस अन्न घेतलेलं नाही. उम्म शाकिरनी माझा हात धरून विचारलं, पुरुषाचा हात लागला नव्हता ना गं? मी शपथ घेतली. शपथ खरीच होती.

त्या गेल्यावर पेनड्राइव्ह आतून उघडून पाहिला. एकेक फाइल. तळाशी हिरवा हुदहुद.

म्हणजे मीच. प्रत्येकीच्या मशीनमध्ये. तिच्या डोळ्यांदेखत — मी.

मंगळवार, २० ऑक्टोबर
अबू वदीअ यांना विचारलं. आज ते पडदा सारून आत आले. खाकरले नाहीत.

म्हणाले, कसला पेनड्राइव्ह, बाळा? मी कधी बायकांच्या मशीनला हात लावला नाही. वहीत लेखी आहे. मग वही माझ्यापुढे सरकवली. त्रेसष्ट सह्या, सगळ्या माझ्या. आणि हसून म्हणाले, सायबर गुन्ह्यांचा नवा कायदा फार कडक आहे हो.

बुधवार, २१ ऑक्टोबर
कायदा वाचला. दोनदा. दुसऱ्याच्या मशीनमध्ये असा प्रोग्राम घालणाऱ्याला तुरुंग. शब्दन् शब्द बरोबर आहे. तो एवढंच विचारतो — घातला कुणी?

गप्प राहिले तर उद्या रुला — बोलले तर मी. आई काय म्हणेल — नको, तो विचारच नको.

पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. वहीही उचलून आणली. सकाळी जाते.

गुरुवार, २२ ऑक्टोबर
सायबर गुन्ह्यांचं कार्यालय. अकरा वाजलेत. साहेब भले आहेत. तासभर जबाब घेतला, बाजूच्या टेबलावरचा लॅपटॉप ओढून स्वतः टाइप केला. म्हणाले, आपणहून आलीस, कायदा तुझ्या बाजूने उभा राहील, पोरीचा फोटो दुपारच्या आत अडवू. मी रडले. कितीतरी दिवसांनी श्वास घेतला.

ते शिक्का आणायला गेलेत. जबाब वाचून घे म्हणून लॅपटॉप माझ्याकडे वळवून ठेवलाय. बाजूच्या टेबलावरची टायपिस्ट आत्ताच येऊन बसलीय, माझ्याकडे बघून हसतेय. ओठांवर बोट ठेवतेय —

नजाह.

हा तोच — कोथिंबिरीखालचा — मीच धुतलेला —

जबाबाचं पान आपोआप मागे गेलं. पांढरं. हिरवा हुदहुद. कळांवर कुणाचाही हात नाही. चौकटीखाली ओळी येताहेत. माझा जबाब. सगळा. त्याखाली रुलाचे मोकळे केस — रुलाच्या सासऱ्यांचं नाव — फोटो पाठवला —

नजाह विचारतेय, काय गं, पांढरी का पडलीस —

शेवटची ओळ. मैसून आत बसली आहे. वही तिच्याकडेच आहे.

साहेब येत असतील. पावलं वाजली. दाराबाहेर थांबली —

कुणीतरी खाकर