तुमचे बंधू, ओली माती आणि चौथा मजला

गिझा,
मोठ्या उपवासाचा चौथा आठवडा

आदरणीय इव्हॉनताईंना जॉर्जेटचा नमस्कार.

अलेक्झांड्रियाच्या समुद्रवाऱ्याने तुमचे गुडघे पुन्हा धरले असतील. लोकरीची पट्टी बांधता ना? आम्ही दोघं जिवंत आहोत. यापुढचं सगळं तुमच्या धाकट्या भावाबद्दल आहे. लहानपणी तुम्ही त्याला पुरेसे रट्टे दिले नाहीत, हे माझं मत आता पक्कं झालं आहे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून वदी बाल्कनीत पायजम्यात बसून समोरच्या पिरॅमिडकडे बघत असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. दीड वर्ष झालं. बोलणं म्हणजे दिवसाकाठी चार वाक्यं, त्यातली दोन मिठाबद्दल. डॉक्टर म्हणाले, यांचं मन कशात तरी गुंतवा, नाहीतर माणूस हातचा जाईल. मी बुद्धिबळ आणलं, पिंजऱ्यातला पक्षी आणला. महिन्याभरात पक्षीही गप्प झाला.

अशात माझ्या शाळेच्या सिस्टरांनी संगीताची खोली बंद केली आणि तिथला पियानो मला देऊन टाकला (एकतीस वर्षं मुलींना इतिहास शिकवल्याची भेट, मनगटी घड्याळ दिलं असतं तर पर्समधून आणलं असतं). आमची लिफ्ट तुम्ही पाहिली आहे. तीत एक माणूस आणि एक कलिंगड एका वेळी मावत नाहीत. हमाल आले, चार मजल्यांचा जिना पाहिला, चहा प्यायले आणि आपापल्या आयांच्या आजारपणाची कारणं सांगून गेले. तेवढ्यात वदीने बाल्कनीतून मान वळवली आणि विचारलं, समोर वीस लाखांवर दगड चढवले तेव्हा हमालांच्या आया ठणठणीत होत्या का?

तिथून माझा छळ सुरू झाला. मी जन्मभर मुलींना शिकवलं की पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले. तुमचे बंधू म्हणतात, साफ चूक. ते पोटभर जेवणारे कामगार होते, त्यांच्या टोळ्या होत्या, टोळ्यांना 'खुफू राजाचे दोस्त' अशी नावं होती, तीही दगडांवर रंगवलेली (हे मला माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पुस्तकावर बोट ठेवून). मग बंधूंनी आमच्या जिन्यावर फळ्या टाकून उतार केला. फळ्या निसरड्या करायला वाळवंटातून पिवळी माती मागवली. ती नेमकी किती ओली हवी हे ठरवायला माझे केकच्या मापाचे कप घेतले. पियानोखाली घसरगाडी म्हणून माझ्या चादरींच्या कपाटाचं दार गेलं. दोर ओढायला दरवान अम्म बयूमी, तळमजल्यावरचा खाटीक, निवृत्त कर्नल, दंतवैद्य नसीम, सगळी इमारत जमली. आणि मुहूर्त? शुक्रवार, सकाळचे अकरा.

पियानो तिसऱ्या मजल्यापर्यंत लोण्यासारखा आला, हे मला नाइलाजाने लिहावं लागतं. मग जुम्म्याची बांग झाली. जन्म या देशात गेलेल्या माणसाला शुक्रवारची दुपार आठवू नये? माणसांनी हात धुतले. "पियानो कुठे पळून जातोय, इंजिनियरसाहेब?" असं म्हणून अम्म बयूमी सगळ्यांना घेऊन मशिदीत गेला. पियानो पळून जाण्याच्याच बेतात होता. मागे उरलो आम्ही तीन ख्रिस्ती, तीन आठवडे डाळ-उसळीच्या उपवासावर. नसीमने दोराचे कठड्याला दोन वेढे देऊन तो धरला. वदीने आणि मी खालच्या बाजूने पाठी लावल्या. भोंग्यावरून प्रवचन स्पष्ट ऐकू येत होतं. विषय होता सबुरी, आणि मौलवी घाईत नव्हते.

पन्नास मिनिटं, ताई. आणि तेवढा वेळ तुमचे बंधू बोलत होते. उताराबद्दल, टोळ्यांबद्दल, आमच्या लग्नात मंडप पडला होता त्याबद्दल. मध्येच थांबून म्हणाले, "जॉर्जेट, खुफूच्या वेळी माणसं जेवायला गेली की दगड कोण धरून बसत असेल?"

"मुकादमाची बायको," मी म्हटलं. "पुस्तकात नाही, कारण पुस्तकं मुकादमांनी लिहिली."

ते इतके हसले की पियानो इंचभर खाली आला.

नमाजानंतर मंडळी आणखी अकरा जणांना घेऊन परतली आणि "हेला होब"च्या आरोळ्या देत, दोर ओढत पाव तासात पियानो वर. मग अम्म बयूमीने पियानोच्या पाठीवर लाल रंगात लिहिलं: "वदीचे दोस्त, टोळी पहिली." सिस्टरांच्या पियानोवर! जिना मी तीन दिवस धुते आहे, कर्नलची बायको माझ्याशी बोलत नाही आणि माझी पाठ अजून पियानोच्या आकाराची आहे. असा भाऊ आपण परत घेऊन जावा, ही नम्र विनंती.

तुमची,
जॉर्जेट

ता.क. पियानो वाजत नाही. मधल्या नऊ पट्ट्या मुक्या आहेत. वदी म्हणतो, वाजणं हा वेगळा विभाग. हल्ली तो सकाळी विजार घालतो आणि टेप घेऊन जिना मोजायला जातो. काल मी आमटीत मीठ घालायला विसरले, तर बोलण्याच्या नादात त्याच्या लक्षातही आलं नाही.

आणखी एक. सासूबाईंचं संगमरवरी माथ्याचं कपाट तुमच्या तळघरात पडून आहे ना? तेवढं पाठवून द्या. मी मागितलं म्हणू नका, तुम्हालाच अडचण होते म्हणा. आणि गाडी शुक्रवारी अकरालाच पोचेल असं बघा. त्याआधी नको.