फुगलेला डबा

सोमवार, ३ मार्च
फेकायला हवा होता तो डबा. इथे लिहिते, दुसऱ्या कोणापुढे बोलायची सोय नाही.

शिवणकारखान्याच्या कॅन्टीनला आज टोमॅटोचे पाच मोठे डबे आले. एकाचं झाकण वर आलेलं. टोचलं तर फुस्स् करून रस उडाला. स्टोअरकीपरला दाखवला. "अहो काकू, उन्हानं फुगतो डबा. उकळलं की सगळं मरतं. साठ माणसं जेवायचीत, फेकता काय!" वास जरा उतरल्यासारखा होता — हिरव्या मिरच्या दुप्पट चिरल्या, खरपूस परतल्या, त्यावर ओतला. वास मेला. लोकांनी बोटं चाटली!

लेकही जेवली. तिथेच मशीनवर असते, नववा लागलाय, शुक्रवारपासून रजा. तिखट बंद आहे तिचं. "आई, एवढंसंच," म्हणत दोन वाट्या.

मंगळवार, ४ मार्च
मोबाइलवर वाचलं. वाचायला नको होतं. असल्या डब्यातलं विष कधी तासांत भिनतं, कधी आठवड्यानं. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळवत नाही, मग श्वास — पुढचं वाचलं नाही.

बुधवार, ५ मार्च
वाढताना प्रत्येकाच्या पापण्या बघते. कापड कापणारा म्हणाला, "काय काकू, जावई शोधताय का दुसरा?" सगळे हसले. मीही हसले. लेकीनं जांभई दिली तरी जाऊन तिचे डोळे बघते. तिला सांगू? कोणत्या तोंडानं?

गुरुवार, ६ मार्च
सकाळी लेक म्हणाली, "डोळे जड झालेत गं." तशीच दवाखान्यात नेली. तिथे सगळं ओकले — डबा, वास, मिरच्या. लेकीनं माझ्या हातातला हात काढून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. झोप झाली नाही, एवढंच! "किती वेळ उकळलंत?" अर्धा तास. "खळखळून?" हो. "मग जेवणाऱ्यांना धोका फारसा नाही. तरी सगळ्यांना कळवा. कच्चं कोणी चाखलं नाही ना?"

नाही म्हटलं.

चाखलं होतं. मीच. वास कशाचा ते कळेना म्हणून चमचाभर. लेकीसमोर अजून किती लाज काढून घ्यायची? चमचाभरानं काय होतंय!

मॅनेजरला फोन केला, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. घरी येताना लेक माझ्या चार पावलं पुढे चालली.

शुक्रवार, ७ मार्च
ओळी एकमेकींवर चढतायत. चहा घशाखाली उतरेना. लेकीला हाक मारली, आवाज माझा वाटेना. सांगितलं — कच्चं मी चाखलंय. "आणि काल बोलली नाहीस?" एवढंच म्हणाली. मग ते एवढं पोट घेऊन खाली वाकली आणि माझ्या पायांत चपला चढवल्या. दवाखान्याची गाडी येतेय. भीती वाटते. फार.

शनिवार, २९ मार्च
घशातली नळी काल काढली. हात लटपटतो. कारखान्यात कोणालाच काही झालं नाही म्हणे. लेक समोर बसलीय. मांडीवर मुलगी. तेरा दिवसांची आहे.