किल्लीला अडकवलेली सही

बुधवार, संध्याकाळ

आज रुखसानाभाभी ग्रामपंचायतीचा कागद घेऊन आल्या. त्यांच्या गल्लीची मंजूर नळाची लाइन आमच्या गल्लीत वळवलीय, अन् खाली सरपंच म्हणून माझी डिजिटल सही. सोमवार, सकाळी अकरा. "ताई, तवा तर तुमी माझ्यापाशी बसल्या होत्या," त्या हळूच म्हणाल्या. व्हय. त्यांची सासू गेली म्हणून मी भेटायला गेले होते.

सहीचं डोंगल, संगणकाला लावून सही करायचं ते, पहिल्या दिवसापासून ह्यांच्या गाडीच्या किल्लीला अडकवलेलं. पिनही ह्यांनाच ठाऊक. गाव सरपंच म्हणतं तेही ह्यांनाच.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, ही सही दुसऱ्या कुणाला करता येत न्हाय, अन् मागाहून नाकारताही येत न्हाय. मला तरी कुठं नाकारता आली? "सही माझीच हाय," मी भाभींना म्हणाले. घरातलं बाहेर कसं सांगायचं?

भाभींनी कागदाची घडी घातली. "जाऊ द्या ताई. तुमी तरी काय करणार?" त्या रागावल्या असत्या तर लई बरं वाटलं असतं.

आज मागून घेऊ का डोंगल? माझंच तर हाय.

दारात किल्ली वाजली. ताट वाढायला उठते.