सिरियमचे कण आणि अम्माचा पाय

३ फेब्रुवारी
नळी पुन्हा फिकट झाली. पेरॉक्साइड घातलं तेव्हा सिरियम ऑक्साइडचं पाणी गडद नारिंगी झालं होतं. आज लॅबच्या खिडकीशी धरलं, तर पहिल्यासारखं फिकट पिवळं. व्हिटॅमिन सी एकदा कामी येतं आणि संपतं. हे नॅनोकण चवताळलेल्या ऑक्सिजनला शांत करतात, मग आपले आपण पूर्ववत होतात. किती वेळ नुसती बघत बसले. गाइड मॅडमना सांगायचंही सुचलं नाही.
घरी अम्माची पट्टी बदलली. पायाच्या अंगठ्याची जखम आहे तशीच. रक्तातली साखरही.

७ फेब्रु.
डिशमध्ये वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर परवा एक ओरखडा काढला होता. आज मायक्रोस्कोपखाली पाहिलं. जिथे कण घातले, तिथे दोन्ही काठांवरून पेशी निघाल्यात, झोपेत चालणाऱ्या माणसांसारख्या, सावकाश, एकमेकींकडे. साध्या डिशमधल्या अजून काठावरच.
जेवताना अम्माला सांगून टाकलं. विड्या वळायची तेव्हापासून तिला हात चालू ठेवून ऐकायची सवय. आज हात थांबला.
"मग माझ्या पायाला लाव की."

१० फेब्रु.
मॅडमना विचारलं, सहज विचारल्यासारखं. त्यांनी ओळखलं. आठ वर्षं गाइड आहेत, ओळखणारच. म्हणाल्या, डिशमधल्या पेशींना ना यकृत ना मूत्रपिंड. कण रक्तात गेले तर कुठे जाऊन बसतील ते ठाऊक नाही, आणि जखम आम्लधर्मी असली तर हेच कण उलटे वागून पेशींनाच मारतील. आधी उंदीर. त्यासाठी प्राणी-प्रयोगांच्या समितीची परवानगी. मग माणसं, कधीतरी. मला सगळं पाठ आहे. तरी

१५ फेब्रु.
सर्जन म्हणाले, अंगठा काळा पडतोय, काढावा लागेल, उशीर नको. अम्माच्या आईचा पाय असाच गेला होता, घोट्यापासून. तिलाही साखरच.
रिक्षाने परतलो. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट नेहमीचाच, पण आज तो पाण्याखालून ऐकू आल्यासारखा.

१६ फेब्रु.
लॅबमधून कणांच्या पाण्याची छोटी बाटली पर्समध्ये घालून आणली. कुणाला सांगितलं नाही.

१७ फेब्रु.
अंगणात कोवळं ऊन. अम्माचा पाय माझ्या मांडीवर. बाटलीचं टोपण काढलेलं. ऊन पाण्यातून आरपार जाऊन तिच्या टाचेवर पडलेलं, पिवळं. वाटलं, असंच बसून राहावं, पुढचं काही घडूच नये.
अम्माने विचारलं, "ह्यानं बिघडंल का काय?"
"माहीत नाही, अम्मा."
"अंगठा तर जाणारच हाय की."
तिने पाय काढून घेतला नाही, मांडीवर तसाच राहू दिला. मी टोपण लावलं. नेहमीची पट्टी बांधली. ती एकटीच भिंत धरून आत गेली.

२२ फेब्रु.
अंगठा काढला. भुलीतून बाहेर येताना लहानपणीच्या तेलुगूत पुटपुटत होती, तिच्या आईशी. पाणी भरायला उशीर झाला म्हणून रागावू नकोस, असं काहीतरी. मी हात धरला तर मलाच आई समजली. मी "बरं" म्हटलं.

१ मार्च
घरी आलो. ही जखम तरी भरते का ते बघू, म्हणालेत डॉक्टर. तोवर पुढचं काही सांगत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगाच्या परवानगीसाठी समितीची बैठक उद्या आहे. मॅडमचा फोन आला होता. जायचं की अम्माजवळ थांबायचं, अजून ठरत नाही.
दुपारी शेजारच्या पद्माक्का आल्या. मी आत चहा करत होते. अम्मा त्यांना सांगत होती, "पोरगी जखमेचं औषध करतीय. मला न्हाई लावलं. नंतरच्यांसाठी हाय ते."
नंतरचे म्हणजे कोण, पद्माक्कांनी विचारलं.
मी चहा घेऊन दारात आले. अम्मा माझ्या पायांकडे बघत राहिली.